इशाऱ्याची चेतावणी होऊ नये म्हणून





दि. १ जानेवारी २००९ रोजी पहाटे आपल्या घड्याळात ५ वाजून २९ मिनिटे ५९ सेकंद झाले आणि त्यानंतर लगेच साडेपाच वाजले नाहीत. मध्ये एक सेकंद जास्तीचा आला. पृथ्वीची स्वतःभोवती फिरण्याची गती थोडी कमीजास्त होत असते, अणुघड्याळे मात्र अगदी काटेकोर चालतात. दोन्हींचा मेळ राहावा म्हणून १९७२ सालापासून अधूनमधून जगाच्या घड्याळात असा एक सेकंद घालण्यात आला. २०१६ च्या अखेरपर्यंत असे २७ सेकंद घातले गेले. याला लीप सेकंद म्हणतात. आपल्या पंचांगातील अधिक मासाचे हे धाकटे भावंड समजावे.

त्या पहाटे जगात काही ठिकाणी लिनक्सवर चालणारे संगणक जागच्या जागी थिजले. नवल असे की जास्तीचा सेकंद घालण्याचे काम व्यवस्थित झाले होते. संगणक अडकला तो 'एक सेकंद घातला आहे' ही सूचना छापताना. काम बरोबर झाले, पण कामाची वर्दी देताना यंत्र बंद पडले.

हे कसे घडले आणि असे होऊ नये म्हणून काय करतात, ते या लेखात सोप्या भाषेत मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे. विषय वरच्या वर्गाचा वाटेल. पण कुलूप, किल्ली, शिपाई आणि नोंदवही एवढ्या चार गोष्टी ज्याला ठाऊक आहेत त्याला तो समजावा.

कर्नेल म्हणजे काय?

संगणकात आपण चित्र काढतो, पत्र लिहितो, गणिते सोडवतो. या सर्व प्रोग्रामांच्या खाली एक मुख्य प्रोग्राम अखंड चालू असतो. कोणाला किती स्मृती द्यायची, प्रोसेसर कोणाला किती वेळ द्यायचा, डिस्कवर कोणी लिहायचे, हे तो ठरवतो. त्याला कर्नेल, म्हणजे गाभा म्हणतात. फळातील गाभा नासला तर वरची साल चांगली असून उपयोग नाही, तसेच येथेही आहे. एखादा साधा प्रोग्राम बंद पडला तर तेवढाच बंद पडतो. कर्नेल अडकला तर सारा संगणक अडकतो.

लिनक्स हा असाच एक कर्नेल. फिनलंडच्या हेलसिंकी शहरात लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली त्याची सुरुवात केली. आज प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या आत लिनक्स आहे, म्हणजे आपल्यापैकी बहुतेक पालकांच्या खिशात तो आहेच. जगातील पहिल्या ५०० महासंगणकांची यादी वर्षातून दोनदा निघते. नोव्हेंबर २०१७ पासून त्या यादीतील सर्वच्या सर्व यंत्रे लिनक्सवर चालतात. पुण्याच्या सी-डॅकचा 'परम सिद्धी-एआय' हा महासंगणक नोव्हेंबर २०२० च्या यादीत ६३ वा होता. तेव्हा लिनक्समधील दोष हा कोणा परक्याच्या घरचा प्रश्न नाही.

इशारा आणि चेतावणी

आमचे महाविद्यालयीन शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. त्यामुळे या दोन शब्दांकडे आमचे लक्ष नेहमी जाते. हिंदीत धोक्याच्या सूचनेला 'चेतावनी' म्हणतात आणि 'इशारा' म्हणजे नुसती खूण. मराठीत नेमके वेगळे आहे. धोक्याची सूचना म्हणजे 'इशारा', आणि 'चेतावणी' म्हणजे चिथावणी, चेतवणे, पेटवणे. दोन्ही भाषा कानावर पडणाऱ्या आपल्या भैंसा येथील मुलांची निबंधात येथे हमखास गल्लत होते.

पण आजच्या विषयासाठी ही गल्लत फार उपयोगी आहे. कर्नेलमध्ये इशारा देणारा भाग नीट लिहिलेला नसेल तर त्याच्या इशाऱ्याची मराठी अर्थाने चेतावणी होते. एक इशारा दुसऱ्या इशाऱ्याला चेतवतो, दुसरा तिसऱ्याला, आणि शेवटी मूळ दोषापेक्षा इशाऱ्यांनीच यंत्र बंद पडते. स्वतःच्याच पोटात पुन्हा पुन्हा स्वतःला बोलावण्याच्या या प्रकाराला संगणकशास्त्रात रिकर्शन म्हणतात.

आपले गाव कापसाचे. जिनिंगच्या आवारात रात्री राखणदार असतो. कोठे ठिणगी पडली का हे पाहण्यासाठी तो उघडा टेंभा घेऊन कापसाच्या गंजीतून फिरू लागला तर काय होईल? राखण हवीच, पण राखणदाराच्या हातातला उजेड कापसाला लागणार नाही अशी तजवीज आधी हवी. कर्नेलमध्ये दोष शोधणारा भाग हा असा राखणदार आहे.

त्या पहाटे नेमके काय झाले?

समजा, शाळेचे मुख्य घड्याळ एका खोलीत आहे. शिपाई आत जातो, आतून कडी लावतो आणि काटे सरकवतो. कडी लावण्याचे कारण उघड आहे. काटे सरकत असताना कोणी वेळ पाहिली तर त्याला भलतीच वेळ दिसेल. आता नियम असा आहे की काटे सरकवल्याची वर्दी कार्यालयात पाठवायची. वर्दी नेणाऱ्या मुलाला उठवायचे, आणि त्याला कितीला उठवले ती वेळ लिहायची. वेळ कोठून कळणार? घड्याळाच्या खोलीतून. ती खोली तर आतून बंद. 'कडी निघेपर्यंत थांबा' असा नियम आहे. पण कडी काढणारा शिपाई वर्दी पोहोचल्याशिवाय कडी काढणार नाही. शिपाई स्वतःच स्वतःची वाट पाहत बसला.

कर्नेलमध्ये असेच झाले. घड्याळाचे कुलूप हातात असतानाच त्याने सूचना छापण्याचे काम बोलावले. छपाईने नोंदी गोळा करणाऱ्या प्रोग्रामला जागे करायला घेतले. जागे करण्याच्या कामात वेळ विचारली गेली. वेळ घड्याळाच्या कुलपाआड होती. सर्वच संगणक थिजले नाहीत, कारण त्या क्षणी तो नोंदी गोळा करणारा जागा होता की झोपलेला, आणि जागे करताना वेळ विचारण्याची गरज पडली की नाही, यावर सारे अवलंबून होते. असे दोष शोधणे म्हणूनच कठीण असते. शंभर वेळा सुखरूप जाते आणि एकशे एकाव्या वेळी अडते.

पहिला उपाय : आधी खूण, मग हाक

कर्नेलमध्ये ठिकठिकाणी अशी तपासणी लिहिलेली असते की 'हे असे कधी होऊ नये. झालेच तर इशारा दे.' तोच दोष सेकंदाला हजार वेळा घडला तर हजार इशारे छापून नोंदवही भरून जाईल. म्हणून 'एकदाच सांग' असा प्रकार आहे. त्यासाठी एक खूण ठेवतात. खूण नसेल तर इशारा द्यायचा, खूण असेल तर गप्प राहायचे.

आता विद्यार्थ्यांनी नीट लक्ष द्यावे. या पायऱ्या दोन प्रकारे लिहिता येतात.

पहिला प्रकार : (१) खूण आहे का ते पाहा. (२) नसेल तर इशारा छाप. (३) खूण कर.

दुसरा प्रकार : (१) खूण आहे का ते पाहा. (२) नसेल तर खूण कर. (३) इशारा छाप.

वरवर पाहता फरक काहीच नाही. पण समजा, इशारा छापण्याच्या वाटेवरच तो दोष आहे. पहिल्या प्रकारात छपाई सुरू होताच पुन्हा दोष दिसेल, खूण अजून झालेली नाही, म्हणून पुन्हा छपाई सुरू होईल, पुन्हा दोष. तिसरी पायरी कधी येणारच नाही. दुसऱ्या प्रकारात दोष पुन्हा दिसला तरी खूण आधीच झालेली असल्याने मामला तेथेच थांबतो. लिनक्समध्ये दुसरा प्रकार वापरतात. दोन ओळींची अदलाबदल, पण एकीत यंत्र वाचते आणि दुसरीत जाते.

थोडे गणितही करू. कर्नेलमधील प्रत्येक काम अर्धवट ठेवून दुसरे हाती घेताना पहिल्याची आठवण एका छोट्या जागेत रचून ठेवावी लागते. तिला स्टॅक म्हणतात. आपल्या नेहमीच्या ६४ बिटांच्या संगणकांवर ही जागा २०१४ पासून १६ किलोबाइट, म्हणजे १६,३८४ बाइट आहे. त्याआधी ती याच्या निम्मी होती. समजा, एकेका इशाऱ्याला ५१२ बाइट लागतात. तर १६,३८४ भागिले ५१२ बरोबर ३२. म्हणजे इशाऱ्यात इशारा असे बत्तीस थर झाले की जागा संपली. प्रोसेसरला बत्तीस थर रचायला डोळ्याचे पाते लवण्याइतकाही वेळ लागत नाही.

दुसरा उपाय : राखणदाराने स्वतःवर पहारा ठेवू नये

२००६ साली लिनक्सच्या २.६.१८ या आवृत्तीत 'लॉकडेप' नावाचा तपासनीस आला. तो इंगो मोल्नार यांनी उभा केला. त्याचे काम कुलपांची कोंडी आधीच ओळखणे. एका शिक्षकाने ग्रंथालयाची किल्ली घेतली आणि प्रयोगशाळेच्या किल्लीची वाट पाहू लागले. दुसऱ्यांनी प्रयोगशाळेची घेतली आणि ग्रंथालयाच्या किल्लीची वाट पाहू लागले. दोघेही दिवसभर उभे राहतील. लॉकडेप प्रत्येक कुलपाचा क्रम आपल्या वहीत लिहून ठेवतो. उलटा क्रम दिसला की प्रत्यक्ष कोंडी झालेली नसतानाही 'एक दिवस होईल' असा इशारा देतो.

पण लॉकडेपच्या वहीलाही कुलूप लागते, नाहीतर दोघे एकदम लिहितील. त्या कुलपाची तपासणी कोणी करायची? लॉकडेपनेच केली तर वही उघडण्यासाठी वहीत नोंद, आणि नोंदीसाठी पुन्हा वही उघडणे, असे चक्र सुरू होईल. म्हणून वहीचे कुलूप मुद्दाम साधे, तपासणीबाहेरचे ठेवलेले आहे. शिवाय लॉकडेप कामाला लागताना एक मोजणी वाढवतो आणि काम संपल्यावर कमी करतो. मधल्या काळात त्याला पुन्हा हाक आली तर मोजणी शून्य नाही एवढे पाहून ती हाक तो सोडून देतो.

तिसरा उपाय : चिठ्ठी लिहून ठेवावी

लीप सेकंदासारख्या जागी मजकूर लिहिला तरी चालतो. त्यासाठी लगेच कोणाला उठवणे चालत नाही. मग शिपायाने चिठ्ठी लिहून खिशात ठेवावी, कडी काढून बाहेर यावे आणि मग वर्दी द्यावी. लिनक्समध्ये २०१२ साली अशी 'मागाहून छापा' पद्धत आली, आणि पुढे लीप सेकंदाची सूचनाही तिच्यातून पाठवू लागले.

यापुढची सुधारणा छपाईच्या मुख्य भागात झाली. २०२१ च्या ५.१५ या आवृत्तीपासून छपाईच्या पोटात छपाई आली तर तिची मोजणी होते. मूळ छपाईच्या आत आणखी तीन थरांपर्यंत परवानगी, त्यापुढे नाही. पूर्ण बंदी का केली नाही, असे कोणी विचारील. छापताना खरोखरच काही नवे बिघडले तर तेही कळायला हवे म्हणून. आणि मोकळीक दिली तर वरचे बत्तीस थर. म्हणून मधली मर्यादा घातली.

गप्प राहण्याची किंमत

येथपर्यंत सर्व उपाय एकाच दिशेचे झाले : केव्हा बोलू नये. आता दुसरी बाजू पाहिली पाहिजे, कारण खरी जोखीम तेथे आहे.

लॉकडेपला एकदा दोष सापडला की तो एक अहवाल छापतो आणि स्वतःला बंद करून घेतो. संगणक पुन्हा सुरू करेपर्यंत तो कुलपे तपासत नाही. कारण असे की एकदा क्रम चुकल्यावर त्याच्या वहीतील पुढच्या नोंदींवर भरवसा ठेवता येत नाही. चुकीच्या वहीवरून दिलेले शंभर इशारे माणसाची दिशाभूल करतील. हे योग्यच आहे. पण याचा अर्थ असा की पहिल्या इशाऱ्यानंतरची शांतता ही सर्व कुशल असल्याची शांतता नाही. राखणदार बोलून गप्प झाला आहे. त्यानंतर नवा दोष शिरला तर तो सांगणार नाही. 'एकदाच सांग' या प्रकारच्या इशाऱ्याचेही तसेच. एकदा बोलला, संपले.

लिनक्स लिहिणाऱ्यांना ही किंमत ठाऊक आहे. म्हणून त्यांनी दोन सोयी ठेवल्या आहेत. पहिली, इशारा दिला गेला की कर्नेलवर एक डाग कायम राहतो. पुढे कोणताही बिघाड छापला गेला की त्यात 'टेंटेड' या शब्दापुढे 'डब्ल्यू' हे अक्षर येते. वाचणाऱ्याला समजते की या यंत्राने आधीही एकदा सांगितले होते. तो डाग संगणक पुन्हा सुरू करेपर्यंत पुसला जात नाही. दुसरी, २०१८ च्या ४.१५ या आवृत्तीपासून 'एकदाच' वाल्या खुणा पुसून टाकण्याची व्यवस्था झाली, म्हणजे यंत्र बंद न करता राखणदाराला पुन्हा बोलते करता येते.

अशीच काळजी आणखी एका ठिकाणी घेतलेली आहे. काही ठिकाणी असा कडक नियम लावतात की एक जरी इशारा आला तरी यंत्र थांबवायचे. पण थांबवण्याच्या कामातही एखादा इशारा येऊ शकतो. मग थांबता थांबता पुन्हा थांबण्याचा हुकूम! म्हणून थांबायला सुरुवात करतानाच कर्नेल आधी तो कडक नियम उठवतो आणि मग पुढचे काम करतो. येथेही तेच सूत्र आहे. आधी खूण, मग कृती.

विद्यार्थ्यांसाठी

आपल्यापैकी काही मुले दहावीनंतर बासरच्या राजीव गांधी विद्यापीठात जाण्याची इच्छा बाळगून आहेत, काही नांदेडला किंवा हैदराबादला जातील. संगणकाचा विषय घ्या अथवा घेऊ नका, एक सवय आतापासून लावून घ्यावी. संगणकाने पडदाभर संदेश छापले की आपण शेवटचा संदेश वाचतो, कारण तो डोळ्यांसमोर असतो. तसे करू नये. वर जाऊन पहिला शोधावा. बहुतेक वेळा मूळ दोष तेथे असतो आणि खालचे सारे त्याचे गोत असते. लिनक्स असलेल्या संगणकावर शिक्षकांच्या परवानगीने 'डीमेसग' ही आज्ञा देऊन कर्नेलची नोंदवही पाहता येते. इशारा असेल तर त्याच्या डोक्यावर 'कट हिअर' अशी रेघ सापडेल. तेथून खालचा मजकूर जसाच्या तसा उतरून घ्यावा. आपल्या मनाने गाळू नये.

आणि सरावासाठी एक प्रश्न. शाळेच्या घंटेला असे यंत्र जोडले आहे की वीज गेली की घंटा वाजावी. ती घंटा त्याच विजेवर चालते. यात चूक कोठे आहे आणि ती कशी दुरुस्त कराल? उत्तर वहीत आकृतीसह लिहून आपल्या विज्ञान शिक्षकांना दाखवावे.

पालक व विश्वस्तांसाठी

संगणकाचा लेख आपल्यापुढे ठेवण्याचे कारणही सांगतो. शाळा, घर, संस्था या सर्वांत इशारा देणारी माणसे असतात. कोणी वर्गशिक्षिका एखाद्या मुलाविषयी एकदा सांगतात, कोणी मूल घरी एकदाच 'मला शाळेत जायचे नाही' म्हणते, कोणी शिपाई एकदा भिंतीची भेग दाखवतो. त्याच त्या गोष्टीचा सतत गलका झाला तर कोणाचेच काम होत नाही, म्हणून शहाणी माणसे एकदा सांगून गप्प बसतात. ती गप्प बसली म्हणजे भेग बुजली असे नाही.

तेव्हा आम्ही कार्यालयात असे ठरवले आहे की कोणीही सांगितलेली अडचण त्याच दिवशी नोंदवहीत लिहायची, आणि मग तिच्यावर बोलायचे. लिहून झाल्यावर तीच गोष्ट दहा जणांना दहा वेळा सांगण्याची गरज राहणार नाही. दर महिन्याच्या अखेरीस त्या वहीतील न सुटलेल्या नोंदी विश्वस्त मंडळापुढे वाचल्या जातील, मग त्यांबद्दल पुन्हा कोणी विचारणा केलेली असो वा नसो. पालकांनी या वहीचा निःसंकोच उपयोग करावा, ही विनंती.



— मुख्याध्यापक